तुझ्यासाठी लांबवलेला बहर

२५ ऑगस्ट, रविवार

ढब्बू,

आज तुझ्याबरोबर आलेल्या बाई निघताना मला विचारून गेल्या, की नवीन घरी जाताना मी कुठली कुठली झाडं उकरून नेणार आहे. म्हणजे त्या मोकळ्या जागी काय लावायचं ते त्यांना आत्तापासून ठरवता येईल.

तू तेव्हा त्यांच्या नवऱ्याला मागची भिंत दाखवत होतास. मी बाईंच्या चष्म्याची काडी सरळ करत होते. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता, आणि इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात काढल्यावर माझ्या हातांना ते बघवत नाही. काडी गरम पाण्यात धरून कानामागचा बाक जरासा वळवला आणि चष्मा परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला. "वा, आता कसं छान बसलं," त्या म्हणाल्या, आणि लगेच झाडांचं विचारलं. मी म्हटलं, "कुठलं नवीन घर?"

भली बाई आहे. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे तुमच्या भावाने..." एवढं बोलून ती लाल साल्वियाच्या फुलांकडे टक लावून बघत बसली. तेवढ्यात तू गाडीचा हॉर्न वाजवायला लागलास. उशीर होत होता म्हणे तुला.

तर मी ज्या घरात राहते ते घर विकायला निघालंय, ही बातमी मला घर विकत घेणाऱ्या बाईकडून कळली. सख्खा भाऊ दोन तास माझ्या हातचं जेवला, दोनदा भात मागून घेतला, आणि त्याला सांगायला सवड झाली नाही.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "ऐक ना ताई, ऐक ना ताई" लावतोस आणि शेवटी मीच ऐकत बसते. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

मार्चमधलं तुझं गोड बोलणं आठवतंय का? मला शब्द न् शब्द आठवतोय. "ताई, यंदा बहर थोडा लांबव ना. आम्हाला जुलैत काही जमत नाही, आणि ऑगस्टच्या शेवटी यावं तर तुझी बाग दमलेली असते. यंदा मित्रांना घेऊन येतो. आईलाही एकदा सगळं एकदम फुललेलं बघू दे." दमलेली हा शब्द तू बरोबर वापरलास. मी फोन ठेवला आणि दिवसभर हवेत होते. म्हटलं, आपल्या ढब्बूचं बागेकडे लक्ष आहे बरं का! आपल्याला वाटतं तसा तो नाही.

मग तुझ्यासाठी मी काय काय केलं ते ऐक, कारण तू कधी विचारलं नाहीस. अ‍ॅस्टर जूनमध्ये अर्ध्यावर कापले. अ‍ॅस्टर माझा सगळ्यात लाडका, त्याच्यावर कात्री चालवताना जिवावर आलं, पण त्याशिवाय तो उशिरा आणि दाट फुलत नाही. डेलियाचे शेंडे खुडले, मग आलेल्या पहिल्या कळ्याही खुडल्या. मटारएवढ्या कळ्या, हिरव्यागार, वाटीभर निघायच्या. झिनियाचं बी मुद्दाम महिनाभर थांबून पेरलं, सूर्यफुलंही तशीच मागे ठेवली. कॉसमॉस काही ऐकत नाही, वेळ झाली की फुलतो, म्हणून त्याची फुलं येतील तशी काढत राहिले, बी धरू दिलं नाही. सगळा जुलै बाग नुसती हिरवी होती. बेकरीवाला रोज कुंपणावरून विचारायचा, "काय ताई, यंदा पालेभाजी लावलीत वाटतं?" कोपऱ्यावरच्या फुलवालीला सांगितलं, यंदा माझ्याकडून ऑगस्टअखेरीपर्यंत काही मिळणार नाही. ती म्हणाली, "कुणासाठी एवढं?" मी म्हटलं, "माझा भाऊ येणार आहे."

आणि काय फुललं होतं रे सगळं आज! दाराजवळ केशरी आणि गुलाबी झिनिया, मधल्या वाफ्यात बशीएवढे डेलिया, मागे भिंतीला टेकून सूर्यफुलं, आणि कडेने जांभळ्या अ‍ॅस्टरची पहिली फुलं. बाई फाटकातच थबकल्या होत्या. तू माझ्याकडे बघून हसलास. मला वाटलं, तुला अभिमान वाटतोय माझा.

तुम्ही गेल्यावर मी आईला विचारलं. ती तिच्या खिडकीशी बसली होती. "तुला माहीत होतं?"

"चहा गार होतोय तुझा," ती म्हणाली.

"आई, कधीपासून माहीत होतं?"

"त्याची अडचण आहे गं. धंदा बसलाय त्याचा."

मी कळ्या खुडत असताना ती याच खिडकीतून बघायची. "तो डावीकडचा राहिला बघ," असंही सांगायची.

ताई


२९ ऑगस्ट, गुरुवार

ढब्बू,

दुकानात फोन करू नकोस. मालक भला माणूस आहे, पण गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम ठेवून मी फोनवर भांडणं त्यालाही परवडत नाही. काल तुझं सगळं ऐकून घेतलं कारण समोर एक आजोबा अक्षरं वाचत बसले होते.

तर तुझा बेत असा. घर द्यायचं, आईला आणि मला तुझ्याकडे न्यायचं. स्वयंपाकघरामागची खोली आम्हा दोघींना. मी नोकरी सोडायची, कारण आईला दिवसभर कुणीतरी लागतं आणि तुम्ही दोघं कामावर. आणि बागेचं काय, तर "ताई, बाल्कनी आहे ना, कुंड्या ठेव की!" त्या बाल्कनीत ऊन किती वेळ येतं असं विचारलं, तर तू बायकोला हाक मारून विचारलंस. तिलाही सांगता आलं नाही. वर म्हणतोस, "यात तुझंच भलं आहे." इतकं भलं माझं आजवर कुणी केलं नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं असतं होय.

तुझा धंदा बसला हे मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. आरडाओरडा केला असता, चार दिवस बोलले नसते, आणि मग बहुतेक हो म्हटलं असतं. ते तुलाही माहीत होतं. तरी तुला सोपं काय वाटलं, तर माझ्याचकडून घराला रंगरंगोटी करून घ्यायची आणि मला कळू द्यायचं नाही. तू गवंडी लावला असतास तर त्याला निदान सांगितलं तरी असतंस की घर विकायचंय.

मंगळवारी मी बाग कापली. रागाने नाही. फुलं काढायची वेळ झालीच होती. दुकानातून आले, पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, कात्री घेतली आणि एका टोकाने सुरुवात केली. आई खिडकीतून ओरडत होती, "अगं, अगं, ते लोक परत यायचेत! पुढच्या शनिवारी बाईंचे आईवडील बघायला येणारेत!" म्हणजे हेही तिला माहीत. तिला काय काय माहीत आहे याची मला आता भीती वाटायला लागली आहे. तिने असं सांगितल्यावर मी झिनियाही सोडल्या नाहीत.

बादल्या भरल्या. फुलवालीला दिल्या, बेकरीवाल्याच्या काउंटरवर एवढे डेलिया ठेवले की मागचा माणूस दिसेना. मालकांनी दुकानात फुलं ठेवली तर एका गिऱ्हाईकाला शिंका आवरेनात. घरात एकही फूल ठेवलं नाही. आईने मागितलं होतं.

अंगठ्याला कात्री लागली आहे, म्हणून अक्षर असं.

ताई


८ सप्टेंबर, रविवार

ढब्बू,

आईकडून कळलं की काल बाग बघून बाईंच्या वडिलांनी टोपी काढली. तुझं नशीब बघ.

डेलिया आणि झिनिया यांची खोड अशी की जितकी कापाल तितकी जोमाने फुलतात. हे मला माहीत नाही असं नाही. इतकी वर्षं मी फुलवालीला हेच सांगत आले आहे. पण त्या मंगळवारी कात्री हातात घेतली तेव्हा आठवलं नाही. खालच्या कळ्यांना मोकळं रान मिळालं आणि शनिवार उजाडेपर्यंत बाग पहिल्याहून भारी. उद्ध्वस्त करायला गेले आणि छाटणी करून बसले! मुळासकट उपटायला हवी होती. शुक्रवारी तसा विचार करून वाफ्यात उतरले होते. एका डेलियाच्या बुंध्याला हात घातला, आणि मग त्याची काठी कलली होती ती सरळ करून वर आले. मला ते जमत नाही, आणि माझ्या या न जमण्यावरच तुझा सगळा व्यवहार उभा आहे.

मी काल मुद्दाम दुकानात थांबले. तू बागेत काय बोललास ते आईने कौतुकाने सांगितलं. "आम्ही जूनमध्ये अ‍ॅस्टर अर्ध्यावर कापतो," म्हणालास म्हणे. आम्ही! तुला लहानपणी कोथिंबीर आणायला पाठवलं तर गाजरगवत आणायचास.

काल दुपारीच त्या बाई एकट्या दुकानात आल्या. चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणाल्या. झाला नव्हता. मी उगीच दोन फेरे दिले.

"ताई, एक विचारू? रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुमचे भाऊ म्हणाले, की तुम्हीच घर विकायला सांगितलंत. तुमचे गुडघे गेलेत, बाग झेपत नाही, आणि स्वतः बोलायला तुम्हाला अवघड वाटतं. पण त्या दिवशी तुम्हाला काहीच माहीत नाही असं वाटलं. मला झोप येईना."

मी काउंटरमागून बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसले. उठले. परत बसले. परत उठले. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती आणि मालक चष्मा कपाळावर चढवून बघत होते. "गुडघ्यांचं हे असं आहे," मी म्हटलं.

मग त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही पाहिलीत ती बाग एरवी जुलैत फुलते. ऑगस्टच्या शेवटी तिच्याकडे बघवत नाही, नुसत्या काड्या आणि वाळकी पानं. तुम्हाला दाखवायची म्हणून ती लांबवली आहे, आणि ती मीच लांबवली आहे, पण कुणासाठी ते मला माहीत नव्हतं. बाई स्टुलावर बसल्या. चष्मा काढून पुसायला लागल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही आमचं राहतं घर देऊन टाकलंय हो. आता आम्हालाही मागे फिरता येत नाही."

जाताना त्यांनी माझी माफी मागितली. त्यांनी, ढब्बू. ज्यांचा यात काडीचा दोष नाही त्यांनी.

तू घर विकलंस त्याचा राग एक वेळ गिळला असता. पण माझ्या नावाने तू लोकांना सांगत फिरलास, की मीच दमले. मला न विचारता मला म्हातारी करून टाकलंस.

ताई


१६ सप्टेंबर, सोमवार

महाशय,

तुमचं टाइप केलेलं पत्र मिळालं. त्यातून समजलं, की बाबांच्या माघारी घरात माझाही हिस्सा आहे आणि माझ्या सहीशिवाय तुमचा व्यवहार पुढे सरकत नाही. "फक्त एक सही, ताई, औपचारिकता म्हणून." म्हणजे इतके महिने सगळ्याची किल्ली माझ्याच हातात होती आणि मला तेवढंच सांगायचं सगळे विसरले होते.

पत्र वाचून मी हसले. आईला वाटलं, चांगली बातमी आहे.

शुक्रवारी तुझ्या वकिलाकडे काय झालं ते तुला माहीतच आहे, तू तिथेच होतास. आदल्या संध्याकाळी काय झालं ते तुला माहीत नाही. मी आईला म्हटलं, "मी सही करणार नाही. बघू काय करतो तो." आईने माझा हात धरला. ती सहसा धरत नाही.

"कर गं सही. अडचणीत आहे तो."

"आणि मी?"

"तू कुठे अडचणीत असतेस!" ती म्हणाली. आणि तिने हे माझं कौतुक म्हणून म्हटलं, रे. तिचा चेहरा तसा होता. मुलगी कशी, खमकी! हिचं काही अडत नाही. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला कळलं, की हे तिने आत्ता ठरवलेलं नाही. आपण दोघं लहान असल्यापासून तिच्या मनात हे असंच आहे. अडचणी तुझ्या, आणि निभावणं माझं.

म्हणून सही केली. भांडले असते तर अर्धं घर राखता आलं असतं, आणि त्या अर्ध्या घरात आई रोज माझ्याकडे पाठ करून बसली असती. तुझ्यासाठी केली असं समजू नकोस. माझा हिस्सा सरळ माझ्या खात्यात येईल, ते मी दुसऱ्या वकिलाकडून पक्कं करून घेतलं आहे. तुझ्यावर सोडलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. घेतलंस तर घे.

सही करताना तू तुझं पेन पुढे केलंस. मी माझं काढलं. बाहेर पडताना तू खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "आता आपण सगळे एकत्र राहू, ताई. पहिल्यासारखं." मी काही बोलले नाही. तुला ते होकारासारखं वाटलं असेल.

आईचं सामान बांधायला घेतलं आहे.

आपली,
बहीण


३० सप्टेंबर, सोमवार

ढब्बू,

काल गाडी पोहोचली असेल आणि तू मागचं दार उघडून बघितलं असशील. आईच्या शेजारी माझ्या जागी तिची उशी होती. तुझ्या ड्रायव्हरवर चिडू नकोस. "ताई मागून येणारेत का?" असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "नाही." तुला जे मी आठवडाभर सांगितलं नाही, ते मी त्याला लगेच सांगितलं.

तू स्वतः येशील असं आईला वाटत होतं. सकाळपासून ती चांगलं लुगडं नेसून खिडकीत बसली होती. ड्रायव्हर एकटाच उतरला तेव्हा म्हणाली, "कामात असेल." तुझी बाजू घ्यायला तिला एक क्षण लागत नाही.

मी दुकानाच्या वरची खोली घेतली आहे. मालक तिथे जुन्या फ्रेमच्या पेट्या ठेवायचे. खिडकी उत्तरेला आहे, तिथे काही फुलणार नाही, म्हणून बागेतलं मी काही आणलं नाही. आता अर्ध्या दिवसाऐवजी दिवसभराची नोकरी करते. बाईंना बागेतली सगळी जागा दाखवून दिली, कुठे काय आहे, थंडी पडली की कुठला कंद उकरून कोरड्या वाळूत ठेवायचा. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी शेंडे खुडायला याल का? मी नाही म्हटलं. त्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी काही लांबवू नका. ज्याची वेळ येईल ते फुलू द्या.

त्यांच्यापुढे मी नीट बोलले. आईपुढे नाही.

आईला मी गाडीत बसवेपर्यंत काही सांगितलं नव्हतं. तू जे माझ्याशी केलंस तेच मी तिच्याशी केलं असं तू म्हणशील. म्हण. तिचा पट्टा लावला, पायांवर शाल टाकली, उशी सरकवली. ती म्हणाली, "तुझी बॅग कुठे?"

"मी येत नाही, आई."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने दाराच्या कडीला हात घातला, पण उतरली नाही. "मग माझं कोण करणार?" म्हणाली.

"ढब्बू करेल."

"त्याला काय येतंय!"

"शिकेल," मी म्हटलं आणि दार लावलं.

गाडी सुरू झाली तरी मी फाटकातच उभी होते. मला वाटत होतं, ती आता विचारेल. मी कुठे राहणार, एकटी कशी राहणार, जेवणार काय. एवढं एकच विचारावं, ढब्बू, आणि खरं सांगते, तिने विचारलं असतं तर मी होते तशी, नेसत्या कपड्यांनिशी, गाडीत बसले असते. तुझ्या त्या बिनउन्हाच्या खोलीत जन्म काढला असता.

गाडी पुढे जाऊन थांबली. मागची काच खाली झाली. मी धावत गेले.

"डोळ्यांत घालायचे थेंब फ्रीजमध्येच राहिले गं," आई म्हणाली.

मी आत जाऊन आणून दिले.

ताई